लोखंडाच्या मुलखात पॅलॅडियमचा हिशेब

डिचोली तालुक्यात धातू म्हटलं की लाल माती, ट्रकांच्या रांगा, मांडवीतून मुरगावकडे जाणारे बार्ज आणि न्यायालयाचे निकाल डोळ्यांसमोर येतात. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या आणि लिलावाच्या नव्या पद्धतीत गेलेला डिचोलीचा ब्लॉक २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. हा धातू टनांत मोजायचा, आणि त्याच्यावरून निवडणुका लढवायच्या.

गोव्यात आणखी एक धातू येतो, आणि तो मायक्रोग्रॅममध्ये मोजला जातो. पेडण्याहून शापोऱ्यावरचा पूल ओलांडला की कोलवाळला ग्लेनमार्कचा कारखाना लागतो. पिळर्णला युनिकेम आहे, वेर्ण्याला सिप्ला, ल्युपिन, इंडोको. पेडणे-डिचोलीतली आणि पलीकडच्या बांदा-दोडामार्गाकडची कितीतरी मुलं-मुली या कारखान्यांच्या शिफ्ट करतात. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बहुधा क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत लागतात. तिथल्या अहवालांत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांच्या खाली कधी कधी पॅलॅडियमची ओळ असते. पुढे आकडा: अमुक पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत अमुक भागांपेक्षा, कमी. सही होते, बॅच पुढे जाते.

ही ओळ तिथे येतेच कशी? गोळी खाणाऱ्याला पॅलॅडियमचा काही उपयोग नाही. तो धातू औषधात शिरतो ते औषधाचा रेणू बांधताना, आणि किती शिरतो ते त्याच्याभोवती कोणते सोबती बांधले होते यावर बरंचसं ठरतं. रसायनशास्त्रात या सोबत्यांना लिगंड म्हणतात. गेल्या पन्नास वर्षांतलं पॅलॅडियमचं रसायनशास्त्र हे मुख्यतः लिगंडांचंच शास्त्र आहे. धातू तोच राहिला. नवं जे घडलं ते त्याच्या अवतीभवती.

पॅलॅडियमची सुरुवातच जरा नाटकी. १८०३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोहो भागातल्या एका दुकानात ‘नवी चांदी’ म्हणून एक धातू विकायला आला. विकणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. रिचर्ड चेनेविक्स या रसायनतज्ज्ञाने ही फसवणूक आहे, प्लॅटिनम आणि पाऱ्याचं मिश्रण आहे, असं सिद्ध करण्याचा चंग बांधला. त्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदकही मिळालं. मग कुणीतरी निनावी बक्षीस जाहीर केलं: हा धातू कृत्रिमरीत्या बनवून दाखवा आणि वीस पौंड न्या. कुणालाच जमलं नाही. १८०५ मध्ये विल्यम हाइड वोलास्टनने कबूल केलं की धातूही आपलाच आणि बक्षीसही आपलंच.

पुढची दीडशे वर्षं पॅलॅडियम दागिने, दातांच्या टोप्या आणि हायड्रोजनच्या अभिक्रिया यांत रमलं. कार्बनला कार्बन जोडण्याचं काम त्याच्याकडे आलं ते १९६० नंतर. १९७१ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मिझोरोकी आणि १९७२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं की बेंझिनच्या कड्यावर आयोडीन असेल, तर पॅलॅडियमच्या साहाय्याने त्या जागी अल्कीन बसवता येतं. १९७५ मध्ये सोनोगाशिरा, त्यानंतर दोन वर्षांत नेगिशी, १९७८ मध्ये स्टिले, १९७९ मध्ये सुझुकी आणि मियाउरा. दर एक-दोन वर्षांनी एक नवी जोडणी. २०१० चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळालं. मिझोरोकी १९८० मध्येच वारले होते, आणि जॉन स्टिले १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्यू सिटीच्या विमान अपघातात गेले. नोबेल तिघांतच वाटता येतं आणि हयात असणाऱ्यांनाच देता येतं, हे या यादीकडे बघताना लक्षात ठेवावं.

जोडणी घडते कशी, हे पेडणे तालुक्यातल्या माणसाला केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवरून चटकन कळेल. रिकामी बोट धक्क्याला लागते आणि एक उतारू चढतो. इथे तो म्हणजे बेंझिनचं कडं, आपला क्लोरीन वा ब्रोमीन सोडून पॅलॅडियमवर येणारं. मग दुसरा उतारू चढतो, सुझुकीच्या पद्धतीत बोरॉनच्या खांद्यावरून उतरून आलेला. पलीकडे दोघे हातात हात घालून उतरतात आणि बोट पुन्हा रिकामी. एक पॅलॅडियम अणू अशा शेकडो, कधी लाखो फेऱ्या करतो. म्हणून चिमूटभर पुरतं. बोट मध्येच बंद पडली तर मात्र काळी पूड तळाशी बसते. प्रयोगशाळेत तिला ‘पॅलॅडियम ब्लॅक’ म्हणतात, आणि ती दिसली की दिवस वाया गेला हे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

ही काळी पूड होऊ नये आणि पहिला उतारू लवकर चढावा, ही दोन्ही कामं लिगंड करतो. सुरुवातीच्या काळातला सर्वांचा आवडता लिगंड ट्रायफिनाइलफॉस्फीन: फॉस्फरसचा एक अणू, त्याला बेंझिनची तीन कडी. असे चार फॉस्फीन एका पॅलॅडियमभोवती बसले की पिवळी स्फटिकी पावडर मिळते. ती १९५७ मध्ये इटलीत प्रथम बनली आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रिजमध्ये असते. हवा लागली की बिघडते. शिवाय चार फॉस्फीनांची ही गर्दी काम सुरू होण्याआधी सुटावीच लागते, कारण धातूभोवती जागाच नसेल तर उतारू चढणार कुठे? आयोडीन आणि ब्रोमीनवाल्या रेणूंशी हा लिगंड छान चालतो. क्लोरीनवाल्यांशी त्याचं जमत नाही, कारण कार्बन-क्लोरीन बंध जास्त घट्ट. आणि कारखान्याला हवा असतो क्लोरीनवालाच, कारण तोच स्वस्त. दोन दशकं हे घोडं इथेच अडलं होतं.

ते सुटायला आधी लिगंडाचं माप घ्यायला शिकावं लागलं. हे काम केलं चॅडविक टॉलमन यांनी. धातूच्या जागी बसून पाहिलं तर एक फॉस्फीन किती अंशांचा शंकू व्यापतो, हे त्यांनी मोजलं. ट्रायफिनाइलफॉस्फीन १४५ अंश. तीन टर्शरी ब्यूटाइल गट लावलेला फॉस्फीन १८२ अंश. फॉस्फरस किती इलेक्ट्रॉन देतो हा एक गुण आणि तो किती जागा अडवतो हा दुसरा, आणि दुसरा पुष्कळदा पहिल्यापेक्षा भारी पडतो. १९७७ मधला त्यांचा आढावा आजही या विषयाची बाराखडी मानला जातो.

टॉलमन नोकरीला होते ड्यूपाँ कंपनीत, आणि मोजत होते निकेलवरचे फॉस्फरसवाले लिगंड. कशासाठी? ब्यूटाडाइनला हायड्रोजन सायनाइड जोडून ॲडिपोनायट्राइल बनवायचं आणि त्यापासून नायलॉन ६,६. गोव्यातल्या पन्नाशीपुढच्या वाचकांचे कान इथे टवकारतील. ड्यूपाँ आणि नायलॉन ६,६ ही जोडी गोव्याने पाहिलेली आहे. केरीच्या भूतखांब पठारावर, पेडण्यातल्या केरीच्या नव्हे, फोंड्यातल्या केरीच्या, थापर-ड्यूपाँचा नायलॉन ६,६ चा कारखाना यायचा होता. गावांनी तो अडवला. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण आंदोलक मारला गेला आणि कंपनीने गोव्यातून पाय काढला. प्रकल्प पुढे तामिळनाडूत गेला. पठारावर न आलेल्या त्या नायलॉनच्या कच्च्या मालामागचं रसायनशास्त्र, म्हणजे फॉस्फरसचे लिगंड आणि त्यांचे कोन, तेच पुढे जगभरच्या औषधांच्या कारखान्यांचं झालं. योगायोगापलीकडे यात काही शोधू नये. पण योगायोग इथेच संपत नाही.

१९९५ हे वर्ष या विषयात फार गर्दीचं आहे. स्टीफन बुकवॉल्ड आणि जॉन हार्टविग यांनी त्या वर्षी कार्बनला नायट्रोजन जोडण्याची कथिलमुक्त पद्धत दिली. आजच्या औषधांत नायट्रोजन नसलेला रेणू शोधावा लागतो, तेव्हा हिचं महत्त्व सांगायला नको. त्याच वर्षी म्युनिकच्या वोल्फगांग हेरमान यांनी कार्बीन हा फॉस्फरस नसलेला लिगंड पॅलॅडियमवर बसवून हेक अभिक्रिया करून दाखवली. मुक्त कार्बीन बाटलीत भरून ठेवता येतं हे त्याआधी चार वर्षं, १९९१ मध्ये, अँथनी अर्डुएन्गो यांनी सिद्ध केलं होतं, आणि तेही ड्यूपाँच्याच प्रयोगशाळेत. भारताकडून १९९५ च्याच सुरुवातीला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे एनसीएलचा, एक लेख ‘नेचर’मध्ये आला. रघुनाथ चौधरी, भालचंद्र भानगे, आर. एम. देशपांडे आणि फ्रान्सचे एच. देल्मास हे त्याचे लेखक. पाणी आणि तेल यांच्या सीमेवर उत्प्रेरकाला लिगंडाच्या ओढीने धरून ठेवलं की अभिक्रियेचा वेग कितीतरी पटींनी वाढतो, हा त्यांचा मुद्दा. धातू ऱ्होडियम होता. धरून ठेवणारा होता तोच आपला ट्रायफिनाइलफॉस्फीन.

आणि १९९५ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोसार्टनला मान्यता दिली. रक्तदाबाची ही गोळी आज गोव्यातल्या कुठल्या घरात नाही? तिचा शोध ड्यूपाँच्या प्रयोगशाळेतला आणि पुढचा विकास मर्कच्या साथीने. रेणूच्या मध्यभागी बेंझिनची दोन कडी एकमेकांना सरळ जोडलेली आहेत. मर्कच्या रसायनतज्ज्ञांनी १९९४ मध्ये छापलेल्या पद्धतीत ही जोडणी अगदी शेवटच्या टप्प्यांत सुझुकीच्या मार्गाने, पॅलॅडियम आणि ट्रायफिनाइलफॉस्फीन वापरून केली होती. ज्या कंपनीला पठारावर पाऊल टाकू दिलं नाही, तिचा रेणू रोज सकाळी चहाबरोबर पोटात जातो. आंदोलन चुकलं असा याचा अर्थ मुळीच नाही. हजारो टनांचा नायलॉन आणि पन्नास मिलिग्रॅमची गोळी यांना एकाच तराजूत घालता येत नाही, एवढाच.

लोसार्टनचे भारतीय उत्पादक आज याच वाटेने जातात असंही नाही. पुष्कळजण दोन कड्यांचा तयार तुकडा विकत घेतात, आणि तो तुकडा निकेल किंवा मँगेनीजच्या मदतीनेही जोडता येतो. पेटंट, कच्च्या मालाचा भाव आणि सांडपाण्याचा खर्च यांवर वाट ठरते. पण जिथे रेणू गुंतागुंतीचा असतो, तिथे पॅलॅडियमला फारसा पर्याय उरत नाही. लॅपॅटिनिब आणि क्रिझोटिनिब ही कर्करोगावरची औषधं सुझुकी जोडणीवर उभी आहेत. औषधशास्त्रातल्या शोधनिबंधांची २०१६ मध्ये पाहणी झाली तेव्हा अमाइड बंध बनवण्यासारख्या जुन्याजाणत्या अभिक्रियांच्या रांगेत सुझुकी जोडणी वरच्या क्रमांकांवर निघाली. १९७९ मध्ये जन्मलेल्या अभिक्रियेने शंभर वर्षांच्या अभिक्रियांशेजारी बसावं हे सोपं नाही.

त्या क्लोरीनचं काय झालं? १९९८ मध्ये एमआयटीत ग्रेगरी फू यांनी टॉलमनच्या तक्त्यातला १८२ अंशांचा धिप्पाड फॉस्फीन उचलला आणि क्लोरीनवाल्या कड्याची सुझुकी जोडणी घडवली. फॉस्फीन इतका अगडबंब की पॅलॅडियमभोवती एकच मावतो. बाकी जागा मोकळी. शिवाय इलेक्ट्रॉन सढळ हाताने देणारा, त्यामुळे घट्ट बंधही तुटतो. त्याच इमारतीतल्या बुकवॉल्ड यांनी दोन कड्यांचे मोठमोठे फॉस्फीन एकामागून एक काढले आणि त्यांतल्या काहींना आपल्या विद्यार्थ्यांची नावं दिली: डेव्हफॉस, ब्रेटफॉस. आपल्याकडे अशी प्रथा असती तर कदमफॉस आणि गावसफॉसही झाले असते. विनोद सोडा, गाईडच्या नावाआधी विद्यार्थ्याचं नाव बाटलीवर छापणारी ही प्रथा आपल्या विद्यापीठांनी उचलण्यासारखी आहे.

एवढ्या लिगंडांतून कोणता घ्यायचा, याचं पक्कं सूत्र आजही नाही. कारखान्यांत चोवीस किंवा शहाण्णव छोट्या कुप्यांच्या ट्रे लावून सगळे एकदम तपासतात आणि जो चालेल तो घेतात. मोठा लिगंड महागही असतो. कित्येकदा धातूपेक्षा लिगंडाचंच बिल जास्त येतं, आणि धातू तरी परत मिळवता येतो, लिगंड बहुधा जळून जातो. जॉन्सन मॅथी कंपनीत या पॅलॅडियम-लिगंड जोड्या वापरायला तयार स्वरूपात बाजारात आणणाऱ्यांत केरळचे थॉमस कोलाकॉट हे मोठं नाव. २०१५ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने औद्योगिक रसायनशास्त्राचा पुरस्कार त्यांना दिला.

लिगंड जवळपास नसतानाही काम भागतं याचं उदाहरण गोव्याच्या ओळखीच्या कंपनीचं आहे. तिसवाडीतल्या खोर्लीचा कारखाना जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सिबा’च आहे. हिंदुस्थान सिबा-गायगीचा हा सांता मोनिका वर्क्स. १९९६ च्या विलीनीकरणानंतर तो नोव्हार्टिसचा झाला आणि २००० मध्ये सिंजेंटाचा. सिबा-गायगीच्या स्वित्झर्लंडमधल्या रसायनतज्ज्ञांनी नव्वदच्या दशकात प्रोसल्फ्युरॉन या तणनाशकासाठी हेक अभिक्रियेचाच एक प्रकार वापरला. क्लोरीन-ब्रोमीनऐवजी डायझोनियम क्षार घेतला. तो इतका उतावळा की पॅलॅडियमला फॉस्फीनची गरजच पडत नाही. त्याहून सुंदर पुढचा डाव. जोडणी संपल्यावर त्याच रिॲक्टरमध्ये कोळशाची भुकटी टाकली. विरघळलेलं पॅलॅडियम तिच्यावर जाऊन बसलं आणि पुढच्या टप्प्याचा, हायड्रोजन घालण्याचा, उत्प्रेरक आपोआप तयार झाला. मग गाळून घेतलं की धातू कोळशासकट परत. एका धातूकडून दोन कामं आणि शेवटी वसुली. ही प्रक्रिया गोव्यात राबवली गेली नव्हती. खोर्लीत आज कारखान्याबरोबर संशोधन केंद्रही आहे, आणि तिथल्या रसायनतज्ज्ञांची नावं पेटंटांवर दिसतात. पॅलॅडियमच्या रसायनशास्त्राशी गोव्याचा प्रयोगशाळेच्या पातळीवरचा सर्वांत जवळचा संबंध शोधायचा तर तो इथे लागतो. गंमत म्हणजे डिचोली-सत्तरीच्या पोफळीच्या बागांत कोळेरोगावर आजही मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रणच, फवारतात. शेतावरचा धातू तांबं, आणि शेतासाठी रेणू बनवणाऱ्यांचा धातू पॅलॅडियम.

मराठी मुलखातल्या संशोधनाकडे वळलं तर चित्र बरंच भरलेलं आहे. माशेलचे रघुनाथ माशेलकर एनसीएलचे संचालक असतानाच्या काळातला, वर सांगितलेला ‘नेचर’मधला लेख १९९५ चा. त्याच चौधरींच्या गटाने पुढे आयबुप्रोफेनसाठी पॅलॅडियमचं एक वेगळं संकुल, म्हणजे धातू आणि लिगंड यांची जोडी, बनवलं. टेक्सासमध्ये १९९२ पासून बूट्स आणि होकस्ट-सेलानीज यांच्या प्रक्रियेत आयबुप्रोफेन तीनच पायऱ्यांत बनू लागलं होतं. शेवटच्या पायरीत पॅलॅडियम कार्बन मोनॉक्साइड आत घालतं. चौधरींनी फॉस्फीनच्या जोडीला पिरिडीनचा एक आम्लधर्मी, दोन हातांनी धरणारा लिगंड देऊन या पायरीचा वेग वाढवला. काटेकोर बोलायचं तर ही जोडणी नव्हे, कार्बोनिलेशन. पण लिगंड बदलला की धातूचा स्वभाव बदलतो हे यात स्पष्ट दिसतं. भानगे पुढे मुंबईत माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत, गेले, आणि पॅलॅडियमने कार्बन मोनॉक्साइडसह जोडणी करण्यावर त्यांच्या गटाने बरीच वर्षं काम केलं. एनसीएलमध्ये समीर चिक्कली फॉस्फीन बनवण्यावरच काम करतात. पवईत आयआयटीचे देबब्रत मैती यांचा प्रश्न आणखी पुढचा: क्लोरीन, बोरॉन असल्या खुंट्या न लावता, कड्याच्या दूरच्या कोपऱ्यातल्या साध्या हायड्रोजनच्या जागी पॅलॅडियमला कसं पोचवायचं? त्यासाठी ते रेणूला नायट्राइलचा लांब हात जोडतात आणि तो हात पॅलॅडियमला नेमक्या जागी नेऊन ठेवतो. २०२२ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला.

या सगळ्यांत औषधांच्या कारखान्याला सर्वांत उपयोगी पडेल असं काम आयसीटीच्याच अनंत कापडी यांचं वाटतं. डीएनएच्या अक्षरांसारखे न्यूक्लिओसाइड रेणू तेलकट द्रावकात विरघळत नाहीत, त्यांना पाणी लागतं. पण बहुतेक फॉस्फीन पाण्याशी फटकून वागतात. कापडी यांनी स्पेनच्या होसे लुईस सेरानो यांच्यासोबत पाण्यात विरघळणारी पॅलॅडियमची संकुलं बनवली आणि फॉस्फरस-नायट्रोजनच्या पिंजऱ्याला सल्फोनेटची शेपटी लावलेला पीटॅब्स नावाचा लिगंड वापरला. जोडणी पाण्यात होते, फारसं तापवावं लागत नाही, आणि काम झाल्यावर उत्प्रेरक पाण्यातच राहतो. उत्पादन वेगळं काढायला सिलिकाचा स्तंभ लागत नाही. स्तंभ टळला की द्रावकाचे पिंप टळतात, आणि पॅलॅडियमही औषधात कमी उतरतं. वर्षानुवर्षं स्तंभ चालवलेल्या कुणालाही विचारा, याची किंमत तो सांगेल.

आता पुन्हा त्या अहवालातल्या ओळीकडे. आंतरराष्ट्रीय क्यू-३-डी नियमावलीनुसार पोटातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅम पॅलॅडियम चालतं, इंजेक्शनातून १० आणि श्वासातून फक्त १. दिवसाला ५० मिलिग्रॅमची एकच गोळी घ्यायची असेल, तर हिशेबाने तिच्या औषधी घटकात २००० पीपीएमपर्यंत पॅलॅडियम मर्यादेत बसेल. प्रत्यक्षात कारखाने १० पीपीएमच्या आसपास किंवा त्याखाली राहायला बघतात, म्हणजे गोळीमागे अर्धा मायक्रोग्रॅम. अशा वीस लाख गोळ्यांत मिळून एक ग्रॅम पॅलॅडियम. पेडण्याच्या रस्त्यावर मोपा विमानतळाकडे धावणाऱ्या एकेका पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये याहून जास्त असतं! जगात खाणींतून वर्षाला साधारण दोनशे टन पॅलॅडियम निघतं, आणि त्याचा फार मोठा वाटा गाड्यांचा धूर शुद्ध करण्यातच खर्ची पडतो.

मोजमापही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. एकेकाळी जड धातूंची चाचणी म्हणजे सल्फाइड टाकून येणारा तपकिरी रंग डोळ्यांनी शिशाच्या नमुन्याशी ताडून पाहणं. अमेरिकन फार्माकोपियाने १ जानेवारी २०१८ पासून ही शतकभर जुनी पद्धत काढून टाकली. त्या जागी प्लाझ्मात नमुना जाळून अणूंचं वस्तुमान मोजणारं आयसीपी-एमएस हे यंत्र आलं. गोव्याच्या क्यूसीत काम करणाऱ्या मुला-मुलींचं पॅलॅडियमशी नातं या यंत्राच्या पडद्यापुरतं. रेणू जोडण्याचं काम आधीच दुसरीकडे झालेलं असतं. युनिकेमचा औषधी घटक रोह्याला बनतो आणि गोळी पिळर्णला. सिप्लाचे घटक पाताळगंगा-कुरकुंभला, ग्लेनमार्क गटातून निघालेल्या कंपनीचे कुरकुंभ-मोहोळला. धातू काढून टाकण्याची खटपट, म्हणजे कोळसा, गंधक लावलेली सिलिका, ट्रायमरकॅप्टोट्रायझीन, हेही तिकडेच. वापरून झालेला कोळसा नवी मुंबईत हिंदुस्थान प्लॅटिनमसारख्या कंपन्यांकडे जातो. तो जाळून, विरघळवून धातू परत काढतात. डोंबिवलीला इव्होनिकचा आणि तळोज्याला जॉन्सन मॅथीचा कारखाना आहे. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे पॅलॅडियम औंसाला तीन हजार डॉलरच्या वर गेलं, कारण रशिया हा मोठा पुरवठादार. दोन वर्षांत भाव हजाराच्या आसपास उतरला. धातूचा असा लहरी बाजार असताना वसुलीत एक-दोन टक्के गळती म्हणजे किती पैसा, हे खरेदी विभागाला नीट कळतं.

मग पॅलॅडियम सोडून लोखंडच का नाही? डिचोलीच्या वाचकाला हा प्रश्न हमखास पडेल, आणि तो भाबडा नाही. लोहाने कार्बन-कार्बन जोडणी होते हे जे. के. कोची यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं, म्हणजे मिझोरोकींच्याच वर्षी. क्यू-३-डी नियमावलीत लोहाला मर्यादाच घातलेली नाही, इतकं ते निर्धोक. निकेल स्वस्त खरं, पण त्याची मर्यादा पॅलॅडियमच्या दुपटीच्याच आसपास. तांब्याला ३००० मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा. तरीही लोह अजून मागेच आहे. त्याला बहुधा ग्रिन्यारसारखी तापट रसायनं लागतात, आणि नाजूक औषधी रेणूंना ती सोसत नाहीत.

लोहाच्या बाबतीत एक धडाही घडलेला आहे. लोहाच्या क्लोराइडने काही जोडण्या होतात असे बरेच निबंध आले होते. २००९ मध्ये बुकवॉल्ड आणि कार्स्टन बोल्म यांनी तपासलं तेव्हा त्यांतल्या काहींत खरं काम लोखंडात मिसळलेल्या तांब्याच्या अंशाने केलं होतं असं निघालं. पॅलॅडियमच्या बाबतीत तर दोनदा असं घडलं. निकोलस लेडबीटर यांच्या गटाने २००३ मध्ये धातूविना सुझुकी जोडणी जाहीर केली आणि दोन वर्षांनी स्वतःच शोधून काढलं की वापरलेल्या सोड्यात अब्जात पन्नास भाग एवढं पॅलॅडियम होतं आणि तेवढंही पुरलं होतं. २०२१ मध्ये साध्या अमाइनने सुझुकी घडवल्याचा निबंध ‘नेचर कॅटॅलिसिस’मध्ये आला आणि पॅलॅडियमचाच अंश निघाल्याने वर्षअखेरीस मागे घ्यावा लागला. एवढा कमी धातू एवढं काम करतो, याची ही उलट्या वाटेने आलेली कबुलीच म्हणायची.

सारांश मागण्यापेक्षा गोव्याने यात काय करावं हे विचारणं बरं. हजारो लिटरचे रिॲक्टर गोव्यात आणायला लोक तयार नाहीत, आणि भूतखांब आठवलं तर त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही. पण लिगंडाचं काम पिंपांचं नाही. ते ग्रॅमभराचं, चोवीस कुप्यांच्या ट्रेचं आहे. साखळीच्या सरकारी महाविद्यालयातून किंवा आसगाव-म्हापशाच्या महाविद्यालयांतून बी.एस्सी. करून ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एम.एस्सी. केलेल्या मुलीला ते सहज येण्यासारखं आहे. तिला आज गोव्यात मोजायला ठेवतात. बनवायला शिकायचं तर माटुंगा, पुणे किंवा परदेश गाठावा लागतो. वेर्णा, पिळर्ण, कोलवाळला कारखाने असलेल्या कंपन्यांनी आणि गोवा विद्यापीठाने मिळून एक छोटी उत्प्रेरक चाचणी प्रयोगशाळा उभारावी. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत किंवा डिचोलीच्या वसाहतीत तिला जागा मिळू शकते. खाण लागत नाही, चिमणी लागत नाही. लागतात ते फॉस्फीन, एक आयसीपी-एमएस आणि पाच-सहा वर्षांची चिकाटी.